भट्टीत गेलेला चक्का

बेकरीवालीला गावाची जी माहिती असते ती वकिलाला नसते आणि डॉक्टरलाही नसते. आमची बेकरी पनवेलच्या बाजारात होती आणि दिवाळी जवळ आली की घरोघरच्या बायका मैदा, तूप, साखर घेऊन नानकटाई करायला आमच्याकडे यायच्या. मागच्या पडवीत बसून मळायच्या, वळायच्या, पत्र्याच्या ट्रेवर मांडायच्या आणि भट्टीत घालायला आमच्या ताब्यात द्यायच्या. ट्रेच्या कडेला खडूने नाव घातलेलं असायचं. एका वर्षी खडू ओला निघाला, नावं पुसली आणि सतरा ट्रे एकमेकांत मिसळले. त्या दिवशी साजूक तुपाबद्दल गावभर नाव असलेल्या एका बाईंच्या नानकटाईला वनस्पती तुपाचा वास येतो, हे सगळ्या पडवीला समजलं. त्या बाई पुढची चार वर्षं माझ्याशी बोलल्या नाहीत. जसं काही तूप मीच बदललं होतं!

बेकरी माझ्या सासऱ्यांची. त्यांच्यामागे ती यांनी चालवायची, असं ठरलेलं. पण यांना मैद्याने शिंका यायच्या. एक-दोन नव्हेत, ओळीने अकरा-बारा. पिठाच्या खोलीत गेले की माणूस दिसेनासा व्हायचा आणि नुसता आवाज यायचा. म्हणून हे पंचा नाकाला लावून पुढे गल्ल्यावर बसायचे आणि मी पदर खोचून आत. पेणहून लग्न होऊन आले तेव्हा मला पाव फक्त चहात बुडवायचा माहीत होता. बाकी सगळं शिकवलं हसनचाचांनी.

हसनचाचा सासऱ्यांच्या वेळचे कारागीर. मूळचे उरणकडचे, पण त्यांचा मुक्काम भट्टीसमोर. भट्टी म्हणजे विटांचा घुमट. पहाटे आतच लाकडं पेटवायची, घुमट लालबुंद तापला की निखारे ओढून काढायचे आणि मग दिवसभर त्या साठलेल्या उष्णतेवर काम करायचं. पहिल्या धगीचा मान पावाचा. धग उतरली की खारी. आणखी उतरली की नानकटाई. आणि दुपारनंतर भट्टी अगदी शांत झाली की कापलेल्या पावाचे टोस्ट आत सोडून द्यायचे, ते आपोआप वाळतात. आमच्या भट्टीला ना काटा होता ना आकडा. चाचा उघडा हात आत घालून एक, दोन असे आकडे मोजायचे. दहाला चटका बसला तर पाव, वीसला बसला तर नानकटाई. त्यांच्या उजव्या हातावर एकही केस नव्हता.

लेलेबाई आमच्याकडे आल्या त्या एप्रिलमधल्या अशाच एका दुपारी. एकसष्ट-बासष्ट साल असेल. बाई मुलींच्या मराठी शाळेच्या हेडबाई होत्या, नुकत्याच निवृत्त झालेल्या. निम्मं पनवेल त्यांची पट्टी हातावर खाऊन मोठं झालेलं. त्या रस्त्याने निघाल्या की लेकुरवाळ्या बायकासुद्धा पदर सारखा करायच्या. विधवा, एकट्या राहायच्या, आणि कांदासुद्धा घरात आणायच्या नाहीत, मग अंड्याचं नाव कशाला?

बाईंनी आत येऊन दार लोटलं, पिशवीतून एक पुठ्ठा काढला आणि पिठाच्या टेबलावर ठेवला. त्यावर इंग्रजी वर्तमानपत्राचं एक पान चिकटवलेलं. शाळेतले तक्ते चिकटवतात तसं, चारी कोपरे पक्के. पानावर एका गोल केकचं हे एवढं चित्र, त्यावर पांढरा थर, वर काळा तुकतुकीत थर, आणि खाली बारीक अक्षरात कृती.

"हे करून हवंय," बाई म्हणाल्या. "पंधरा मेपर्यंत."

त्यांची मुलगी प्रमिला अमेरिकेत शिकायला होती, हे गावाला ठाऊक होतं. ती सहा वर्षांत एकदाही आलेली नाही, हेही ठाऊक होतं. बाईंनी तिचं लग्न ठरवलं होतं, तारीख धरली होती. त्याच महिन्यात तिला शिष्यवृत्ती मिळाली आणि ती गेली. जाताना मायलेकींत काय बोलणं झालं ते मात्र कोणाला ठाऊक नव्हतं. वर्षातून दोन-तीन पत्रं यायची, असं पोस्टमन सांगायचा.

"जानेवारीत तिने हे पान पाठवलं," बाई म्हणाल्या. "सोबत लिहिलं होतं, पान पाहा आणि काय वाटलं ते कळव. बाकी काही नाही. आता ती येतेय. दोन महिन्यांसाठी. पुढे कायमची तिकडेच राहायची, असं तिच्या मनात दिसतंय."

"मग तुम्ही काय कळवलंत?"

"काही नाही. म्हटलं, लिहून काय सांगायचं, करूनच दाखवू."

मी म्हटलं, "बाई, कृती वाचून तर दाखवा."

बाई दाराकडे बघून हळू आवाजात म्हणाल्या, "मला इंग्रजी येत नाही. मी मराठी सातवी आणि ट्रेनिंग. हे गावात कोणाला माहीत नाही. तुम्ही बोलणार नाही, म्हणून इथे आले."

तेव्हा मी यांना हाक मारली. हे मॅट्रिकला तीनदा बसलेले, म्हणजे इंग्रजी तीनदा वाचलेलं. पंचा नाकावर बांधून हे आले आणि पुठ्ठा हातात घेऊन खणखणीत आवाजात सुरू झाले.

"चीजकेक. चीज म्हणजे दुधाचं घट्ट काहीतरी. आंबटसर."

"म्हणजे चक्का," हसनचाचा म्हणाले.

"चक्काच म्हणा. पुढे, वर लावायला नट क्रीम."

मला काही कळेना. पेणला नाटक कंपनी यायची तेव्हा मी नटांना तोंडाला क्रीम चोपडताना पाहिलं होतं. मी म्हटलं, "ते खायचं?"

"अगं, नट म्हणजे सुकामेवा!" हे शिंकून म्हणाले. "आता तळाचा थर. ग्रॅहॅम क्रॅकर्स लाटण्याने बारीक चुरावेत. वितळलेलं लोणी घालून भांड्याच्या तळाशी घट्ट दाबावेत."

"क्रॅकर म्हणजे काय, शेठ?" चाचांनी विचारलं.

"फटाके," हे म्हणाले. "ग्रॅहॅम ही तिकडची कंपनी असणार."

चाचा शांतपणे म्हणाले, "आणि मग भट्टीत ठेवायचं?"

"तीनशे पंचवीस डिग्रीवर. एक तास."

चाचांनी खुंटीवरची टोपी काढून डोक्यावर ठेवली. "भाभी, मी घरी चाललो. ही भट्टी माझ्या डोळ्यांसमोर बांधलीय. ती उडताना मला बघवणार नाही."

मी चाचांना अडवलं आणि चित्र पुन्हा नीट पाहिलं. तळाला तपकिरी भुगा होता. फटाक्यांचा असता, तर चित्र काढणारा जिवंत राहिला नसता. मला तो सरळसरळ नानकटाईचा भुगा दिसला. मी तसं म्हटलं आणि चाचांनी टोपी पुन्हा खुंटीला लावली. हे मात्र शेवटपर्यंत म्हणत राहिले, की डिक्शनरीत फटाके हाच अर्थ आहे.

राहिली तीनशे पंचवीस डिग्री. हे म्हणाले, "माणसाचं अंग अठ्ठ्याण्णव असतं."

चाचांनी बोटांवर मोजलं. "म्हणजे तीन माणसं आणि वर एक पोरगं. नानकटाईच्या जरा खाली."

हा हिशेब अगदी बरोबर होता, हे पुढे मला कळलं. पण त्याआधी आमची दोन दुपारी फजिती व्हायची होती.

पहिल्या दुपारी चक्का बाजारातून आणला, तो पाणचट. तासाभराने भट्टीतून काढलं तेव्हा भांड्यात वर पिवळं पाणी आणि खाली फुटलेल्या दुधासारखे गोळे. चाचांनी वास घेतला आणि म्हणाले, "कढी झाली."

दुसऱ्या वेळी बाईंनी चक्का स्वतः बांधला. म्हशीचं दूध, घरचं विरजण, तीन पंच्यांतून बदलून बदलून टांगलेला. तो चक्का सुरीने कापता आला असता. प्रश्न अंड्यांचा आला. कृतीत चार अंडी होती, पहिल्या वेळी आम्ही ती मुद्दाम गाळली होती. बाईंनी ते ऐकलं, पाठ फिरवली आणि भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघत म्हणाल्या, "मला काही सांगू नका. मी इथे नाही." चाचांनी अंडी फोडली. पहिल्या टकटकीला बाईंचे खांदे हलले. दुसरीला हलले. चौथं अंडं झाल्यावर चाचांनी आणखी एक उचललं, तर कॅलेंडरकडून आवाज आला, "चार झाली!"

तो केक फुगून वर आला, आम्ही टाळ्या पिटल्या, आणि बाहेर काढल्याबरोबर त्याला मधोमध एवढी भेग पडली की आत बोट जाईल. बाईंचा चेहरा उतरला. चाचा त्याच्याकडे बघत बराच वेळ उकिडवे बसून राहिले. मग म्हणाले, "बाई, चूक माझी. भट्टीतून एकदम वाऱ्यावर आणला. घाम आलेल्या माणसाला असं उघड्यावर उभं केलं तर त्यालाही बाधतं. पुढच्या वेळी भाजून झाला तरी टोस्टाबरोबर आतच ठेवतो, दार किलकिलं करतो आणि भट्टी निवेल तसा त्याला निवू देतो."

खरं सांगते, पुढे मी मुंबईत मोठमोठ्या बेकऱ्या पाहिल्या. विजेच्या भट्ट्या, काचेची दारं, काटे. पण असा केक निववण्याचा जो उपाय पुस्तकात नंतर वाचला, तो निरक्षर हसनचाचांनी एका भेगेकडे बघून काढला होता.

आता तिसऱ्या केकची तयारी. भांडं कडेने सुटणारं हवं होतं, ते तांबटाकडून वनस्पती तुपाचा डबा कापून आणि कडेला बिजागरी लावून घेतलं. तांबटाने विचारलं, "कोंबडीची खुराडी करताय का?" काजू मी पाट्यावर वाटले, त्यात साय आणि पिठीसाखर घालून लोण्यासारखे फेसले. चॉकलेट आणायला हे मुंबईला गेले. मे महिन्याच्या उन्हात एसटीतून मांडीवर पिशवी ठेवून परत आले, तेव्हा चॉकलेट, पिशवी आणि धोतर हे तीन वेगळे पदार्थ राहिले नव्हते. मी खूप बोलले. चाचांनी पिशवी उलटी करून वाटीत निथळवली. "भाभी, वितळवायचंच तर होतं. निम्मं काम एसटीने केलं."

प्रमिला चौदा तारखेला घरी आली. पंधराला दुपारी चार वाजता केक घेऊन जायचं ठरलं. केकला या वेळी भेग नव्हती. एक केसाएवढी होती ती काजूच्या क्रीमखाली गेली, आणि वर चॉकलेट ओतल्यावर केक चित्रातल्यासारखाच तुकतुकीत दिसायला लागला. चाचांनी ट्रे डोक्यावर घेतला, वर मलमलचा पंचा. मी शेजारून छत्री धरून, कारण चॉकलेटला घाम फुटत होता. मागून दोन कुत्री आणि असंख्य माश्या. नाक्यावर मासळी विकणाऱ्या एका आगरी म्हातारीने विचारलं, "काय गो वयनी, पालखी कोनाची?"

"लेलेबाईंची लेक आलीय."

"मंग लेक चालत नाय का?"

बाईंच्या घरी दार प्रमिलेनेच उघडलं. मी तिला आधी कधी पाहिलं नव्हतं. उंच, डोळ्यांखाली काळं, अंगावर साधी सुती साडी, आणि केस मानेपर्यंतच. मायलेकी आदल्या दिवसापासून एकमेकींशी पाहुण्यांसारखं बोलत होत्या, हे मला उंबऱ्यातच कळलं. "आई, तुम्हाला पाणी आणू का?" असं ती विचारत होती. पनवेलात आईला अहो म्हणणारी मुलगी मी त्याआधी पाहिली नव्हती.

बाईंनी ट्रे टेबलावर ठेवायला लावला आणि स्वतः पंचा उचलला. शाळेत गॅदरिंगला पडदा वर करत असतील तशा.

प्रमिलेने केककडे पाहिलं. मग आईकडे. "हे काय आहे?"

"चीजकेक. तुझ्या आवडीचा."

"मला चीजकेक आवडतो, हे कोणी सांगितलं? मी तर तिकडे चीजला हातही लावत नाही."

चाचांनी माझ्याकडे पाहिलं. मी जमिनीकडे पाहिलं. बाई आत गेल्या आणि तो पुठ्ठा घेऊन आल्या. "हे तूच पाठवलंस ना? पान पाहा म्हणालीस. मी पाहिलं."

प्रमिला पुठ्ठ्याकडे बघत राहिली. तिचा आवाज बदलला. "हे चिकटवलं कोणी?"

"मी. फाटू नये म्हणून."

"आई," ती म्हणाली, आणि या वेळी ती अहो विसरली, "अगं, मी पाठवलं होतं ते मागच्या बाजूसाठी!"

बाईंनी पुठ्ठा उलटा करून पाहिला. मागे अर्थातच पुठ्ठाच होता. नखाने कोपरा ओढून पाहिला, तो जराही सुटेना. त्यांनी आयुष्यभर तक्ते चिकटवले होते आणि त्यातला एकही कधी सुटला नव्हता.

तेव्हा हसनचाचा पुढे झाले. "बाई, खळ कशाची?"

"मैद्याची."

"मग माझ्याकडे द्या. मैदा कसा सुटतो ते मला ठाऊक आहे. घरात चहाची किटली असेल ना?"

किटली स्टोव्हवर ठेवली. चाचांनी पुठ्ठा वाफेवर धरला, भट्टीत पाव फिरवतात तसा हळूहळू फिरवत. आम्ही तिघी भोवती उभ्या. पाच मिनिटांनी एक कोपरा फुगला. चाचांनी दोन बोटांनी धरून पान असं सोलत आणलं, की कांद्याचा पापुद्रासुद्धा तसा निघायचा नाही. मग ते ओलं पान टेबलावर उलटं पसरलं.

मागे एक फोटो होता. सहा मुली ओळीने उभ्या, हातात कसलेसे कागद.

"हा मी चिकटवण्याआधी पाहिला होता," बाई म्हणाल्या. "म्हटलं, कोणाच्या मुली कोण जाणे. केस बघा कसे कापलेत."

"डावीकडून तिसरी बघ."

बाईंनी चष्मा पुसला. पान डोळ्यांजवळ नेलं. "हा कोट घातलेली?"

"हो."

"तू?"

"विद्यापीठात पहिली आले होते, आई. रसायनशास्त्रात. खाली नाव छापलंय. वाटलं, तू वाचशील, शाळेत सगळ्यांना दाखवशील. तीन महिने वाट पाहिली. तू एक ओळ लिहिली नाहीस. म्हटलं, हिला माझ्याशी काही कर्तव्यच उरलं नाही. जाऊन एकदा भेटून यावं, आणि मग तिकडेच राहावं."

मला वाटलं आता बाई रडतील. त्या रडल्या नाहीत. त्यांनी छापलेल्या नावावर बोट ठेवलं आणि विचारलं, "यातलं लेले कुठलं?"

प्रमिलेने दाखवलं. ती आईकडे बघत होती, आणि आईला इंग्रजी अक्षर ओळखता येत नाही हे तिला त्या क्षणी पहिल्यांदा कळत होतं. सत्तावीस वर्षांची मुलगी! बाईंनी ते गावापासून लपवलं होतं, तसंच घरातही लपवलं होतं.

"स्वतःच्या मुलीला ओळखलं नाही मी," बाई म्हणाल्या, आणि एकाएकी त्यांना हसू आलं. पट्टीवाल्या हेडबाई टेबलाला धरून हसत होत्या. प्रमिलाही हसायला लागली, आणि मग कोणाचं हसणं कुठे रडण्यात गेलं ते मला सांगता येणार नाही. चाचा आणि मी हळूच ट्रे तिथेच ठेवून बाहेर पडलो.

वाटेत चाचा म्हणाले, "सगळं चांगलं झालं, भाभी. पण केक कसा झाला ते कोणी सांगितलंच नाही."

दुसऱ्या दिवशी मायलेकी दोघी मिळून भांडं परत द्यायला आल्या. चाचा पंच्याला हात पुसत उभे राहिले, परीक्षेला बसल्यासारखे. प्रमिला म्हणाली, "चाचा, चीजकेक असा नसतो." चाचांची मान खाली गेली. ती पुढे म्हणाली, "तिकडचा मला एक घास जात नाही. हा आम्ही दोघींनी संपवला."

"दोघींनी?" मी बाईंकडे पाहिलं.

बाई माझ्याकडे पट्टी उगारायच्या वेळी बघत तसं बघत होत्या. मी विषय बदलला.

प्रमिला दोन महिने राहिली आणि परत गेली. तिची नोकरी तिकडे ठरलेली होती. पण आता ती दर दोन वर्षांनी येईन असं सांगून गेली आणि तशी येतही राहिली. तो केक आम्ही दिवाळीत दुकानात ठेवून पाहिला. लोकांनी त्याला 'भाजलेलं श्रीखंड' म्हणून नाव ठेवलं आणि खारी घेऊन गेले. मला अजून त्याचं वाईट वाटतं.

प्रमिला बोटीवर चढली त्याच्या दुसऱ्या दिवशी दुपारी बाई बेकरीत आल्या. काही घ्यायचं नव्हतं. नुसत्या बाकावर बसल्या. भट्टी निवत होती, आत टोस्ट वाळत होते. चाचांनी त्यांच्यापुढे चहा ठेवला.

"हसनभाई," बाईंनी विचारलं, "तुमची मुलगी महाडला दिलीय ना? तिला पत्र लिहिता?"

"लिहायला येत नाही, बाई."

बाईंनी पिशवीतून टाक काढला. पाव बांधायच्या कागदांतला एक कागद ओढून मांडीवर घेतला. "सांगा. मी लिहिते."

चाचा ओशाळले. टोपी काढली, घातली, घसा खाकरला. "लिहा. मी बरा आहे. तू बरी असशील."

बाईंनी टाक वर उचलला. "हे तिला माहीत आहे," त्या म्हणाल्या. "पुढचं सांगा."